पोटासाठी बाटलेल्यांची गोष्ट

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्मांतरबंदी कायद्यावरून वाद झाला. असे वाद होतातच, मी सहसा त्यात पडत नाही. पण एका जुन्या मित्राने, ज्याच्या घरी मी दिवाळीला फराळ केलाय आणि ज्याने आमच्याकडे नाताळचा केक खाल्लाय, लिहिलं : "तुमचं वेगळं रे, पण तुमचे पूर्वज शेवटी पोतंभर ज्वारीसाठीच बाटले ना?" पुढे हसण्याची इमोजी. मग दुसऱ्या कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला आणि ग्रुप पुढे गेला.

मी काही उत्तर दिलं नाही. रात्री झोप मात्र लागली नाही. कारण तो खोटं बोलत नव्हता. निदान पूर्ण खोटं नव्हतं ते. म्हणून आज इथे लिहितोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या आजीची आई गुजरातेतून आली. 1899-1900 च्या दुष्काळात. विक्रम संवत 1956 मध्ये पडला म्हणून तिकडे त्याला छप्पनियो म्हणतात. ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. गावाचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. आईबाप वाटेत गेले एवढंच ती सांगायची. पंडिता रमाबाईंच्या माणसांनी आणलेल्या मुलींच्या घोळक्यात ती आगगाडीने केडगावला उतरली (हे दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरजवळचं नव्हे, लोक नेहमी घोटाळा करतात). तिथे तिला जेवायला मिळालं, डोकं धुऊन मिळालं, अक्षरओळख मिळाली आणि काही वर्षांनी बाप्तिस्मा मिळाला. ह्याच क्रमाने. तेव्हा मित्रा, ज्वारीचं म्हणशील तर हो, ज्वारी होती.

पण ज्या बाईने ती ज्वारी शिजवली तिची गोष्ट तुला माहीत आहे का? रमाबाईंवर एक धडा शाळेत असतो, 1989 साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं. समाजसुधारक, शारदा सदन, स्त्रीशिक्षण, संपलं. मधला जो भाग आहे, ज्यात एक बाई आयुष्यभर सगळ्या बाजूंनी दगड खाते आणि तरी हातातलं सोडत नाही, तो धड्यात मावत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जातभाईंचा रोष घेतलेला माणूस. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत फिरायचं. देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर जगायचं, उरलं तर दानधर्म करायचा. मग 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ आला. ह्या लोकांना मजुरी येत नव्हती आणि भीक मागणं जमत नव्हतं. होतं ते दानात आणि अनुष्ठानात गेलं. भांडी विकली, दागिने विकले. शेवटी जंगलात शिरून झाडपाला खाल्ला. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला मी हमाली करतो पण हे नको. पण अंगात काही उरलंच नव्हतं. वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण.

आईच्या मृत्यूचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. स्मशान काही मैल लांब आणि तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन ब्राह्मण मंडळी तयार झाली. तिसरा खांदा भावाचा, चौथा रमाबाईंचा. पण त्या बुटक्या होत्या, खांदा पोचेना. म्हणून तिरडीची ती बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. वय सोळाच्या आसपास.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघंच, हजारो मैल पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं तर वाळूत खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून झोपले. ह्या काळात त्या हिंदू होत्या, पूर्ण श्रद्धाळू हिंदू, आणि उपाशी होत्या. कुणी भाकरी दाखवून धर्म बदलायला लावायचा तर ह्याहून चांगली वेळ कुठली असती? तेव्हा त्या बाटल्या नाहीत. हे मला माझ्या मित्राला आधी सांगायचंय.

1878 साली दोघं कलकत्त्याला पोचले आणि नशीब पालटलं. तिथल्या पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. सभा, व्याख्यानं, मानसन्मान. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, आंतरजातीय. आसामात सिल्चरला घर मांडलं. 1881 मध्ये मनोरमा झाली. तिथल्या घरच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि त्या एका मिशनऱ्याकडून ते समजून घेऊ लागल्या. नवऱ्याला ते आवडत नव्हतं. आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवराही कॉलऱ्याने गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर, सगळ्या सुधारकांनी हातावर झेललं. आर्य महिला समाज निघाला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन त्यांनी बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. आणि 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींकडे उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. त्यांनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात, दोन वर्षांची मुलगी काखेत. त्यात डॉक्टरांनी सांगितलं की तुमचे कान अधू आहेत, वैद्यकीय शिक्षण जमणार नाही. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच गेलं. 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की लंडनमधल्या फुलहॅमला त्या जोगिणींनी 'पतित' बायकांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. अशा बायकांना आपल्याकडे कुणी दारात उभं करत नाही. इथे त्यांची सेवा चालते, हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट दाखवली गेली. एवढंच. हे वाचून कुणाला पटेल, कुणाला नाही. पण त्यात ज्वारी नाही.

आता गंमत बघा. इकडे महाराष्ट्रात बोंब उठली की पंडिता बाटली. (जोतिराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, 1885 च्या 'सत्सार'मध्ये. ते फार थोड्यांना आठवतं.) आणि तिकडे ज्यांनी बाप्तिस्मा दिला तेही हैराण. कारण बाई ऐकेना. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणाल्या. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, म्हणाल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खाईनात. सिस्टर जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा ब्राह्मणी ताठा वाटला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं असं निघालं तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. दोघींची पत्रं छापलेली आहेत, मुळातून वाचा. रमाबाई स्वच्छ लिहितात की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटले, आता दुसरीच्या जोखडात मान द्यायला आले नाही.

पोटासाठी बाटलेला माणूस अन्नदात्याशी असं भांडतो का हो?

त्यांना परवडणारं नव्हतं हे भांडण. विधवा, पदरी लेक, परगावी, राहणंखाणं त्याच लोकांच्या हातात. श्रद्धा धरून ठेवणं म्हणजे संकटात गुडघे टेकून रडणं, असं आपल्या डोक्यात असतं. इथे श्रद्धा धरून ठेवणं म्हणजे, मला देव भेटला तो माझ्या वाचनातून, तुमच्या परवानगीने नाही, असं तोंडावर सांगणं होतं. आमच्या चर्चमध्ये रमाबाईंचा फोटो आहे, पण ही रमाबाई कुणी उपदेशात सांगत नाही. आमच्या पाळकांनाही ती परवडणार नाही, हे जाता जाता.

1886 ला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. पुढे इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं, अट एकच : शाळेत धर्मप्रचार नको. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हीच पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली, आपल्या बाया कर्वे. चार वर्षं रमाबाईंजवळ राहून ती हिंदूच बाहेर पडली, हेही नोंदवून ठेवा.

पण त्याच 1893 मध्ये स्फोट झाला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. त्यातल्या कित्येक बालविधवा. सदनातून काढून त्यांना कुठे नेलं असेल, विचार करा.

इथे मी रमाबाईंची सरसकट वकिली करणार नाही. वचन तटस्थतेचं होतं. उघडं दार हे उघडं दार असतं आणि ज्या मुलीला जगात दुसरं कुणी नाही, ती ज्या बाईवर जीव टाकते तिच्या देवाकडे ओढली जाणारच. रानड्यांची अडचण मला कळते. त्यांना पुण्यात राहून सुधारणा करायची होती. पण दार लावून घे, एवढी एक गोष्ट रमाबाईंना करता आली असती आणि त्यांनी केली नाही. माझ्या घरात मी चोरून प्रार्थना करणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर 'केसरी'वाल्यांना त्या विधवांच्या पोटापाण्याची पर्यायी सोय करायला कुणी अडवलं नव्हतं. कर्व्यांनी पुढे ती केली, 1896 मध्ये, आणि म्हणून ते मोठे.

अजून एक. बाप्तिस्मा 1883 चा, पण रमाबाई स्वतः लिहितात की ख्रिस्ताचा धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षं गेली. म्हणजे ती सगळी भांडणं, अमेरिकेचा दौरा, शारदा सदनाची सुरुवात, हे सगळं त्या कोरड्या मनानेच करत होत्या. हे कबूल करणं सोपं नाही. ज्या देणगीदारांपुढे आपण ख्रिस्ती म्हणून उभे राहिलो त्यांनाच पुढे सांगायचं की तेव्हा माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. मला वैयक्तिकरीत्या रमाबाई सगळ्यात जवळच्या वाटतात त्या इथे.

मग 1896 चा दुष्काळ. मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या, आणि बाईंना आपले आईवडील दिसायला लागले. हातात पैसा नाही. बोस्टनची मुदत संपत आलेली. तरी निघाल्या. दुष्काळी कामांच्या छावण्यांमध्ये हिंडून त्यांनी मुली गोळा केल्या. पोरी विकत घेणारे दलालही तिथेच हिंडत होते. पुण्यात आणल्या तर प्लेग सुरू झाला आणि गर्दीवर सरकारी बंदी आली. तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. (आणि ज्यांना त्या सरकारच्या मांडीवरच्या वाटतात त्यांच्यासाठी : 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग बंदोबस्तात बायकांचे जे हाल चालले होते ते 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून त्यांनीच उघड केले. गव्हर्नरला त्याचा इन्कार करावा लागला.)

1900 मध्ये गुजरातच्या मुली आल्या. एकूण संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना रोज दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे काय? विहिरी खणल्या, शेती, गोठा, तेलघाणा, हातमाग, छापखाना. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. त्या ते अमेरिकेत शिकून आल्या होत्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन होतं. 1905 मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं, मुली रात्ररात्र रडून प्रार्थना करायच्या, असं मिशनच्या वृत्तांतांत भरभरून लिहिलंय. मला त्याचं काय करावं कळत नाही. दुष्काळातून वाचलेल्या हजार मुली एकत्र रडल्या तर त्यातलं किती देवासाठी आणि किती मेलेल्या आईसाठी, कोण सांगणार? माझ्या पणजीला विचारलं तर म्हणायची म्हणे, रडलो, मग बरं वाटलं.

आता पणजी. तिला कुणी विचारलं का, तुला ख्रिस्ती व्हायचंय का म्हणून? नाही. आठ वर्षांच्या अनाथ पोरीच्या संमतीला किती अर्थ, हा प्रश्न रास्त आहे. रमाबाईंनी ह्या काळात तटस्थता सोडून दिली होती, मुक्ती हे उघडउघड ख्रिस्ती घर होतं. मी फक्त एवढंच म्हणेन की जगात कुठल्याच आठ वर्षांच्या मुलाला धर्म विचारून देत नाहीत. खरा प्रश्न पुढचा आहे. पोट भरल्यावर काय केलं?

पोट भरल्यावर पणजीचं लग्न झालं, मुक्तीतूनच, एका मिशन शाळेतल्या मास्तरांशी. चार मुलं झाली. 1918 च्या तापाच्या साथीत दोन गेली, एका आठवड्यात. नवरा त्यातून उठला पण छातीने कायमचा खंगला. मिशनचा पगार तुटपुंजा, तोही मधे बंद पडला. आजी सांगायची, आई त्या वर्षी चर्चला जाईना. सहा-सात महिने गेली नाही. पाळक समजावायला आले तर त्यांना पाणी दिलं आणि पुढे बोलली नाही. मग एका रविवारी उठून लुगडं बदललं आणि गेली. का गेली ते कधी सांगितलं नाही. त्यानंतर मरेपर्यंत एक रविवार चुकला नाही. तेव्हा कुणी ज्वारी देत नव्हतं. एक गोष्ट मात्र दुष्काळाने तिच्यात ठेवली ती ठेवलीच : उशाखाली फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. नातवंडं झाली तरी.

आणि हिशेबच करायचा तर पूर्ण करू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठरल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला, पण त्यांची स्थिती बदललेली नाही. नगर-जालन्याकडच्या आमच्या कितीतरी नातेवाइकांनी कागदावर एक शब्द बदलला असता तर शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा मिळाली असती. काहींनी बदलला, मी त्यांना दोष देत नाही. बहुतेकांनी नाही बदलला. पोटासाठी बाटलेले लोक सत्तर-पंचाहत्तर वर्षं पोटाच्या विरुद्ध का वागतायत, हे माझ्या मित्राने मला समजावून सांगावं.

रमाबाईंचा शेवट सांगायचा राहिला. उतारवयात त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं : सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं. आधीचं मराठी बायबल मुक्तीतल्या खेडवळ बायकांना कळत नाही, संस्कृतने जड झालंय, ही त्यांची तक्रार. हे म्हणणारी कोण, तर कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलेली बाई! पन्नाशीच्या आसपास त्या भाषा शिकल्या, कानाने जवळपास बहिऱ्या झालेल्या असताना. टाइप जुळवायला मुक्तीतल्याच बायका. मराठी भाषांतर म्हणून ते फार उत्तम आहे असं मी म्हणणार नाही, मूळ शब्दाला इतकं चिकटलंय की वाक्यं अडखळतात. पण एका बाईने एकटीने अख्खं बायबल उलथून मराठीत घातलं, ह्याला तोड दाखवा.

हे काम चालू असतानाच, जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता जिच्यावर पुढची सगळी भिस्त होती ती लेक. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या झोपेत गेल्या. आदल्या दिवसापर्यंत शेवटची पानं तपासत होत्या असं मुक्तीत सांगतात. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

त्यातली एक प्रत आमच्याकडे आहे, पणजीची. बांधणी सुटलीय, सुरुवातीची पानं नाहीत. तिला भरभर वाचता यायचं नाही, ओळीखाली बोट फिरवत वाचायची. योहानाच्या चौथ्या अध्यायाचं, विहिरीवरच्या बाईचं पान समासाजवळ इतकं मळलंय की अक्षरं पुसट झालीत. त्या पानाचा फोटो काढून मी काल त्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. मित्राचा अजून निळा टिक आलेला नाही.